शेवाळातला माणिककंठ

रात्रभर पूर्वेचा वारा वाहत होता आणि पहाटे त्याला बारीक पाऊस येऊन मिळाला. ऑक्टोबरात असा मेळ जमला की स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या स्कारवे बेटावर उतरलेली पक्षीवेडी माणसं चहासुद्धा उभ्यानेच पितात. उत्तरेचा हिवाळा चुकवायला निघालेली पाखरं समुद्रावर असतानाच वारा त्यांना वाटेवरून ढकलतो, पाऊस खाली दाबतो, आणि उजाडेपर्यंत या उघड्याबोडक्या बेटावर जिथे टेकायला जागा तिथे पाखरू असतं. झाड म्हणून एकही नाही. मग गडग्याच्या दगडांत, मेंढ्यांच्या पायांत, सलगमाच्या वाफ्यांत, कुठेही.

मोराग गॅरो दार उघडून बाहेर आली तेव्हा वसतिगृहाच्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांच्या मधोमध तांबूस छातीचे तीन रॉबिन बसले होते. त्यांच्याखाली, बाबीच्या वाळत टाकलेल्या रबरी बुटाच्या तोंडाशी, अंगठ्याएवढं एक हिरवट पाखरू किडे टिपत होतं. समुद्र ओलांडून आलेलं. त्याला माणसाची भीती वाटण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

"माझा बूट घेऊ देत नाही ते मला," स्वयंपाकीण बाबी दारातून म्हणाली. "मघापासून एका पायात बूट घालून फिरतेय. मोराग, तुझा गुडघा कसा आहे गं?"

"आहे तिथेच आहे."

"मग कड्याकडे जाऊ नकोस. वाट निसरडी झालीय. आणि धुकं तर असं, की मला माझ्याच मेंढ्या सापडेनात."

"माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या," मोराग म्हणाली. "हरवल्या तर निदान ओरडतात."

आत न्याहारीच्या टेबलावर बेटाची वाटणी चालली होती. कोण उत्तर टोकाला, कोण सलगमाच्या शेताला, कोण जुन्या चर्चच्या आवाराला. ग्लासगोचा लायल, एरवी बसमध्ये तिकिटं फाडणारा, तोंडात घास ठेवून सगळ्यांना टोमणे मारत होता. टेबलाच्या टोकाला ऑब्री पेनफोल्ड लापशी खात बसला होता. त्याची ताठ मान, स्वच्छ पुसलेली दुर्बीण, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मुद्दाम मोकळी सोडलेली जागा. कुणी कुठला पक्षी पाहिला हे पेनफोल्ड हो म्हणाला की खरं, नाही म्हणाला की खोटं, असा तिथे वर्षानुवर्षांचा रिवाज होता. कुणी त्याला नेमलं नव्हतं. तो इतकी वर्षं येत होता आणि इतक्या कमी वेळा चुकला होता की लोक आपोआपच त्याच्या तोंडाकडे बघायला लागले.

"मी दक्षिणेच्या कड्यावर," तो म्हणाला. "एकटा. गर्दीत पक्षी दिसत नाहीत, माणसांच्या पाठी दिसतात."

"माणिककंठ सापडला तर हाक मारा हो," लायल म्हणाला.

पेनफोल्ड हसला नाही. सैबेरियातला हा माणिककंठ, तपकिरी अंगाचा आणि माणकासारख्या लाल गळ्याचा, वाट चुकून कधीतरीच या बाजूला येतो. पेनफोल्डने जवळपास सगळं पाहिलं होतं. हा एक राहिला होता. तरुणपणापासून तो त्याच्या मागे होता आणि दर वेळी पक्षी कुणा दुसऱ्याला, दुसऱ्या बेटावर, आदल्या दिवशी दिसलेला असे.

"आणि शेवाळात बघायला विसरू नका!" लायलने पुढे जोडलं, आणि टेबल हसलं. मग त्याची नजर मोरागकडे गेली आणि तो लापशीत बघायला लागला. "माफ कर, मोराग. जिभेला सवय झालीय."

"असू दे," मोराग म्हणाली. तिने थर्मासचं झाकण जरा जास्तच घट्ट आवळलं.

शेवाळाची ही थट्टा तिच्या नवऱ्यावरची होती. काही वर्षांमागे अशाच एका ओल्या पहाटे फर्गस गॅरो धावत वसतिगृहात आला होता. पायांत चिखल, डोळ्यांत पाणी. दक्षिणेच्या घळीत, वाळूवर सडत पडलेल्या समुद्रशेवाळाच्या ढिगात, त्याने माणिककंठ पाहिला होता. शेपटी उभी करून उंदरासारखा पळणारा. लोक धावले, पण तोवर घळ रिकामी झाली होती. संध्याकाळी जेवणानंतर पक्ष्यांची हजेरी असते. बेटावरच्या पक्ष्यांची नोंद ठेवणारा रखवालदार एकेका पक्ष्याचं नाव पुकारतो आणि ज्याने जितके पाहिले तो तितके सांगतो. त्या संध्याकाळी फर्गसने माणिककंठ सांगितला आणि सगळ्यांनी पेनफोल्डकडे पाहिलं.

"माणिककंठ काटेरी झुडपातला पक्षी आहे," पेनफोल्ड म्हणाला होता. "तो उघड्या किनाऱ्यावर शेवाळात माशा खात फिरत नाही. फर्गस, तू हा शेवाळात पाहिलास की व्हिस्कीच्या ग्लासात?"

खोली हसून फुटली. फर्गसही थोडा हसला, आणि तेच त्याचं चुकलं. त्या दिवसापासून कुणी काही अचाट सांगितलं की विचारायचे, "शेवाळात होता का?" हे एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या शरदात फर्गसने टेकडीवर उभं राहून काठीला टोपी लावून वर धरली. दुर्मिळ पक्षी सापडल्याची ही तिथली खूण. टोपी दिसली की हातातला घास टाकून धावायचं, भांडण असलं तरी धावायचं. मोराग सलगमाच्या शेतातून पाहत होती. खालच्या वाटेवर पाच-सहा जण होते. त्यांनी टोपी पाहिली, एकमेकांकडे पाहिलं, आणि थर्मासातला चहा ओतून घेतला. फर्गस कितीतरी वेळ हात वर धरून उभा होता. शेवटी दुखऱ्या गुडघ्याने धापा टाकत पोचली ती एकटी मोराग.

त्यानंतर तो बेटावर आला नाही. दुर्बीण जड होते म्हणाला. पुढे न्यूमोनियाने गेला. त्याचा दोष पेनफोल्डला देण्याइतकी मोराग वेडी नव्हती. टोपी धरलेल्या त्या हाताचा दोष मात्र तिने त्यालाच दिला होता, आणि अजून एका गोष्टीचा. हसण्याच्या त्या रात्री तिने स्वतः अंधारात विचारलं होतं, "फर्गस, तुला अगदी नक्की दिसला ना रे?" तो कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपला. तो प्रश्न तिच्या तोंडून ज्याने काढला, त्याला ती सोडणार नव्हती.

लोकांना वाटे, ती दर वर्षी नवऱ्याच्या आठवणीने येते. तिनेही कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता.

न्याहारीनंतर सगळे पांगल्यावर मोराग निघाली, आणि बाबीने जाऊ नको म्हटलेल्या वाटेनेच निघाली. गडग्याला हात लावत ती सावकाश चालत होती. प्रत्येक दगडावर कुणी ना कुणी होतं. एक कस्तूर इतका थकलेला की तिच्या बुटासमोरून उडण्याऐवजी तो चालत बाजूला झाला. एका मेंढीच्या पाठीवर बसून एक वटवट्या माशा टिपत होता आणि मेंढी रवंथ करत होती. एरवी मोरागने तिथेच तासभर घालवला असता. फर्गस असता तर त्याने मेंढीचीही विचारपूस केली असती.

घळीच्या तोंडाशी ती पोचली. इथे कडा चिरला गेलाय आणि खाली वाळूचा छोटा पट्टा आहे. वादळाने फेकलेलं समुद्रशेवाळ तिथे कमरेएवढं साचतं आणि सडतं. वास वरपर्यंत येतो. धुक्यात खालचं काही दिसत नव्हतं. कडेला जाऊन वाकलं तरच दिसलं असतं. दोन पावलं उरली असताना खालून शीळ आली.

लांब, स्वच्छ, वर चढून हळूच घसरणारी. आणि तिच्या मागे घशातला एक जाडसर 'टक्'.

मोराग जागच्या जागी थांबली. ही शीळ तिने पक्ष्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पण माणिककंठ पाहून आल्यानंतरच्या हिवाळ्यात भांडी विसळताना फर्गस ती सारखी घालत असे, शेवटच्या 'टक्'सकट. तो 'टक्' त्याला नीट जमायचा नाही आणि तो स्वतःवरच चिडायचा. आता तो खालून अगदी नीट येत होता.

खरं होतं तर. शेवाळातच होता.

तिचा हात दुर्बिणीकडे गेला. पाऊल उचललं गेलं. फर्गसने पाहिलं ते आता ती पाहणार होती, दोन पावलांवर. आणि तेवढ्यात मागे वाटेवर खडे वाजले. धुक्यातून पेनफोल्डची ताठ आकृती येत होती.

त्या क्षणी मोरागच्या मनात जे आलं ते पूर्ण तयारच आलं, जणू तिने ते वर्षानुवर्षं घासून पुसून ठेवलं होतं. तिने पाहिला तर ती साक्षीदार होईल. दोघांनी पाहिलेला पक्षी खरा ठरतो. पण पेनफोल्डने एकट्याने पाहिला तर? आयुष्यभर शोधलेला पक्षी, एकट्याने, धुक्यात, शेवाळात?

तिने उचललेलं पाऊल मागे घेतलं. दुर्बीण डगल्याच्या आत सरकवली. समुद्राकडे पाठ केली आणि दगडावर बसली.

"पेनफोल्ड," तिने हलक्या आवाजात हाक मारली. "खाली काहीतरी शीळ घालतंय. माझ्या गुडघ्याला उतरवत नाही. तुम्ही बघता का?"

"मैना असेल. इथल्या मैना कुणाचीही नक्कल करतात."

"असेल. तुम्हाला जास्त कळतं."

शीळ पुन्हा आली. पेनफोल्डचा चेहरा बदलला. तो कड्याची वाट उतरायला लागला, आधी पायांवर, मग बसून, मग जवळपास पोटावर. मोराग समोरच्या गडग्याकडे बघत राहिली. गडग्यावरचा एक दगड तिने निवडला आणि त्याच्यावर नजर रोवली. मागे वळायचं नाही. मान वळली तर सगळं फुकट जाईल.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खालून एक आवाज आला. त्या ताठ माणसाच्या गळ्यातून असला आवाज निघू शकतो असं तिला कधी वाटलं नव्हतं. हुंदका होता तो.

"मोराग!" तो कुजबुजत ओरडला. "मोराग, ये! कडेला तरी ये, वरूनही दिसेल! माणिककंठ आहे गं! गळा बघ, अरे देवा, गळा बघ त्याचा!"

तो तिला कधी अगंतुगं करत नसे. आनंदात सगळंच सुटलं होतं त्याचं.

"गुडघा आखडलाय," मोराग दगडाला म्हणाली.

"शेपटी उभी करून पळतोय! शेवाळावर! माशा खातोय!"  पुढचं बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. "अगदी फर्गस म्हणाला होता तसा."

मोरागने डोळे मिटून घेतले. मागे वळण्याची ओढ इतकी जबर होती की तिने दोन्ही हातांनी दगडाच्या कडा धरल्या.

"टोपी लाव काठीला!" खालून आवाज आला. "सगळ्यांना बोलाव!"

"धुक्यात टोपी कुणाला दिसणार? मी जाऊन सांगते."

"जा, जा! मी इथून हलत नाही. हललो तर उडेल!"

मोराग उठली आणि गडग्याच्या पलीकडे गेली. तिथे वारा लागत नव्हता. ती खाली बसली, थर्मास उघडला आणि चहा ओतून घेतला. चहा मस्त कढत होता. तिने तो सावकाश प्यायला, बिस्किट बुडवून. एक रॉबिन येऊन तिच्या बुटाजवळचा चुरा टिपायला लागला, त्याला तिने आणखी चुरा टाकला. फर्गसचा वर धरलेला हात तिला आठवत होता, आणि खालच्या वाटेवर चहा ओतून घेणारे ते लोक. चहा असाच लागत असेल त्यांनाही.

दुसरा कप संपल्यावर खूप वेळाने पेनफोल्ड वर आला. गुडघे फाटलेले, कपाळाला चिखल, आणि चेहऱ्यावर लहान पोराचं हसू.

"गेला. आत्ता गेला, कड्यावरून वर. कुठे आहेत बाकीचे?"

"मला कुणीच भेटलं नाही या धुक्यात," मोराग म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

दिवसभर सगळ्यांनी ती बाजू पिंजून काढली. पक्षी दिसला नाही. दुपारी वारा फिरला, धुकं उठलं, आणि गडग्यावरची पाखरं एकेक करून कमी व्हायला लागली.

संध्याकाळी बाबीने खारवून धुरावलेल्या मटणाचं सूप केलं होतं. पेनफोल्डने ते अर्धंच प्यायलं. मोरागने दोनदा घेतलं. मग रखवालदार मॅग्नी इस्बिस्टर, शांत स्वभावाचा बेटकरी, शेकोटीजवळ उभा राहिला आणि त्याने हजेरी सुरू केली.

"रॉबिन?"

"बाबीच्या दोरीवरचे धरायचे का?" लायलने विचारलं. "ते कपडे आहेत की पक्षी हे आधी ठरवा."

असं करत करत यादी माणिककंठाशी आली. मॅग्नीने नाव नुसतं उच्चारलं आणि पेनफोल्ड उभा राहिला. हजेरीला कुणी उभं राहत नसतं.

"एक," तो म्हणाला. "नर. दक्षिणेच्या घळीत."

टाळ्या पडल्या, बाकं वाजली. इतकी वर्षं तो या एका पक्ष्यासाठी झुरतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅग्नीही हसत म्हणाला, "अभिनंदन, ऑब्री! आणखी कुणी पाहिला?"

"मोराग होत्या माझ्याबरोबर."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मोरागने रुमालाने ओठ टिपले.

"मी वर बसले होते," ती म्हणाली. "माझी पाठ होती. मी शीळ ऐकली, पण पक्षी पाहिला नाही. पेनफोल्ड स्वतःच म्हणाले, मैना असेल."

बाकं वाजवणारे हात थांबले. पेनफोल्ड तिच्याकडे बघत राहिला. लायलच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते.

"ऑब्री," लायलने अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं, "घळीत म्हणजे नक्की कुठे होता हो?"

पेनफोल्डने समोरचा सूपचा वाडगा बाजूला सारला.

"नाही, म्हणजे घळीत झुडूप तर एकही नाही. काटेरी."

"शेवाळात," पेनफोल्ड म्हणाला.

हसण्याचा असा लोंढा आला की बाबी स्वयंपाकघरातून हात पुसत दारात आली. कुणी टेबलावर डोकं टेकलं. कुणी "शेवाळात! शेवाळात!" म्हणून नुसतं हात हलवत होतं. "ग्लास कुठला होता, ऑब्री?" मोराग पेनफोल्डचं तोंड बघत होती. ते आधी लाल झालं, मग पांढरं. एकेक रंग तिने सूप प्यायलं तसा सावकाश घेतला. याच्यासाठीच ती दर वर्षी बोटीचं तिकीट काढत होती. पैसे वसूल झाले.

पेनफोल्ड खाली बसेल असं तिला वाटलं होतं. तो बसला नाही.

"हसा," तो म्हणाला. "मीही हसलो होतो. पण ऐकून घ्या. तो शेवाळातच होता, शेपटी उभी करून उंदरासारखा पळत होता. फर्गस गॅरोने सांगितलं होतं अगदी तसा. फर्गस बरोबर होता. मी चुकलो, आणि त्याला तुम्हा सगळ्यांसमोर थापाड्या ठरवलं."

हे तो म्हणेल असं मोरागच्या हिशेबात नव्हतं. या वाक्यासाठी फर्गसने काय दिलं नसतं!  आणि तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "वा! साक्षीला कुणी मिळेना, तर मेलेला आणला. आणि तोही कोण? शेवाळवाला!"

लोक पुन्हा हसले. या वेळी ते फर्गसला हसत होते, आणि मोराग तिथेच बसलेली होती.

तिला लख्ख दिसलं. पेनफोल्डला तिने ज्या खड्ड्यात लोटलं होतं त्याच खड्ड्यात फर्गस आधीपासून होता. आता दोघं एकत्र होते. पेनफोल्ड खोटा ठरला की त्याने फर्गससाठी दिलेली ग्वाहीही खोटी. पेनफोल्डला वर काढल्याशिवाय फर्गस वर येत नव्हता. आणि पेनफोल्डला वर काढायला एकच दोर होता: आपण पाहिला असं म्हणायचं. तिने तर पाहिला नव्हता. न पाहण्यासाठी तिने दगड धरून ठेवला होता.

"मी पाहिला," मोराग म्हणाली.

हसणं तुटलं. मॅग्नीने भुवया उंचावल्या. "मोराग, आत्ताच तर तुम्ही म्हणालात की पाठ होती."

"खोटं बोलले. तुम्ही यांना हसावं म्हणून." ती उभी राहिली. गुडघ्यातून कळ गेली, तिने लक्ष दिलं नाही. "फर्गस टेकडीवर टोपी धरून उभा होता तेव्हा तुमच्यातल्या कितीजणांनी चहा ओतून घेतला? लायल, तू होतास. मला यांनाही तसंच उभं केलेलं बघायचं होतं. बघितलं. पोट भरलं माझं. आता ऐका. कड्यावरून वाकून मी तो पाहिला. अंग तपकिरी, मातीच्या रंगाचं. डोळ्यावर पांढरी रेघ, खाली पांढरी मिशी. आणि गळा, जणू कुणी आत दिवा लावलाय. शेवाळावर तो धावायचा, थांबायचा, शेपटी वर करायचा, पुन्हा धावायचा."

शब्द न् शब्द फर्गसचा होता. तिने एकही बदलला नाही.

आता कुणी हसत नव्हतं. एवढ्या रागाने बोलणारी बाई खोटं बोलत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. राग तर अस्सल होता. लायल खाली मान घालून नख कुरतडत होता.

"मग दोघांनी पाहिला," मॅग्नी म्हणाला. "धरला. आणि फर्गसचा? ऑब्री, तुमचा शब्द."

पेनफोल्ड मोरागकडे बघत होता. घळीतून त्याने कितीदा तरी वर पाहिलं होतं, आणि दर वेळी त्याला धुक्यात तिच्या डगल्याची पाठ दिसली होती. पाठ, आणि फक्त पाठ.

"धरा," तो म्हणाला. "तोही धरा."

हजेरी संपल्यावर मोराग बाबीला कप विसळू लागली. बाबी कोंबड्या कोंडायला बाहेर गेली आणि पेनफोल्ड आत आला.

"तुम्ही वळला नाहीत," तो म्हणाला. "एकदाही."

"नाही."

"मग तुम्ही आत सांगितलंत ते..."

"खोटं होतं. हो."

"या घरात खोट्या पक्ष्याला मी कधी थारा दिला नाही." पेनफोल्ड म्हणाला. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पक्षी, आणि तो..."

"जा ना मग. आत सगळे बसलेत. सांगा त्यांना, मोरागने पाहिला नाही."

पेनफोल्ड जागचा हलला नाही.

"सांगितलंत तर तुमचा पक्षी जाईल," मोराग कप पालथा घालत म्हणाली, "आणि तुमच्याबरोबर फर्गसचा जाईल. पुन्हा एकदा. तुमच्याच हाताने. जमेल तर जा, दार उघडं आहे."

त्याने दाराकडे एकदा पाहिलं. मग त्याने विचारलं, "दोन पावलांवर होतात. तुम्हाला तो बघावासा नाही वाटला?"

मोरागने नळ सोडला. याचं उत्तर ती त्याला देणार नव्हती. तो निघून गेल्यावर मात्र ती हातातला एकच कप कितीतरी वेळ विसळत राहिली.

सकाळी आकाश निरभ्र होतं, वारा वायव्येचा. बाबीची दोरी रिकामी होती आणि बूट मोकळे. पाखरं गेली होती. बोटीवर मोराग, पेनफोल्ड, लायल आणि परतणारे आणखी काहीजण होते. धक्का सुटल्यावर लायल पेनफोल्डजवळ सरकला. कालच्या हसण्याची त्याला लाज वाटत होती आणि ती त्याला गोड बोलून धुऊन टाकायची होती.

"सांगा ना ऑब्री, पुन्हा पहिल्यापासून. गळा खरंच एवढा लाल?"

पेनफोल्डने सांगायला सुरुवात केली. सांगताना त्याचा चेहरा उजळला, शेवाळ आलं, शेपटी आली, माणसं सरकून जवळ आली. मोराग समोरच्या बाकावर हातांची घडी घालून ऐकत होती.

"आणि मोरागनेही वरून पाहिला, नाही का?" लायल म्हणाला.

पेनफोल्ड थांबला. त्याने मोरागकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "तुमचा शब्द लोक मानतात."

"हो," पेनफोल्ड पुटपुटला. "मोरागनेही पाहिला."

"मोठ्याने सांगा," मोराग म्हणाली. "इंजिनाचा आवाज फार आहे."